सुतकातली घेरी

१

डॉ. सुहरा यांनी रक्ततपासणीचा कागद टेबलावर सरळ केला, चष्मा पुसला आणि विचारलं, “यांना चोरून स्टेरॉइड कोण देतंय?”

खोलीत आम्ही पाच जण होतो. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. आता मी पडलो वैद्य. पस्तीस वर्षं काढे उकळतोय, तेलं कढवतोय. संधिवाताच्या माणसाला कोणीतरी चोरून काही देतंय म्हटल्यावर लोक माझ्याकडे बघणार नाहीत तर काय खुर्चीकडे बघतील? तरी मला राग आलाच.

रोगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, अच्युतनुण्णी आशान. केरळात नीळा नदीच्या काठच्या आमच्या गावात नुसतं ‘आशान’, म्हणजे गुरुजी, म्हटलं तरी पुरतं. छत्तीस वर्षं हा माणूस कथकळीत हिरव्या चेहऱ्याचे राजे उभे करतोय. कथकळीवाला बोलतो ते हातांनी, आणि चार वर्षांपासून संधिवाताने नेमके हातच धरले होते. सकाळी बोटं सुजून इतकी घट्ट व्हायची, की कमरेच्या मुंडूची गाठसुद्धा माझ्या बहिणीला, तंकमणीला, मारून द्यावी लागे.

त्यात या हंगामात दोन विचित्र घेऱ्या आल्या. पहिली डिसेंबरात, त्यांच्या मामाच्या सुतकात. दहाव्या दिवशी आशान तळ्याच्या पायऱ्यांवर कोसळले. उलट्या, घाम, नाडी सुतासारखी. दुसरी फेब्रुवारीत, कथकळीची मंडळी दौऱ्यावर असताना. दोन्ही वेळा सलाइन लावून माणूस परत आणला. दुसऱ्या वेळेनंतर त्रिशूरच्या या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

“स्टेरॉइड?” तंकमणी म्हणाली. “आम्ही तर काहीच देत नाही.”

“मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात,” डॉक्टरीणबाई समजावून सांगू लागल्या. “ताप आला, दुखापत झाली, दुःखाचा डोंगर कोसळला, की त्या कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. तणावात माणूस तगतो तो त्याच्या जोरावर. यांच्या सांध्यांत चार वर्षं आग पेटलीय. अशा माणसाच्या रक्तात सकाळच्या वेळी तो चांगला भरपूर हवा. यांच्यात जवळजवळ नाहीच.”

“आजारानंच आटला असेल,” मी म्हणालो.

“लांबलेल्या आजारात तो हवा तितका वाढत नाही, हे खरं, वैद्यर. पण इतका आटत नाही. मेंदूचा फोटोही काढला, तो स्वच्छ आहे. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ग्रंथी झोपी जाते. मग बाहेरचं एकदम थांबलं की माणूस आडवा. यांना कोणीतरी बरीच वर्षं देतंय, आणि मधूनच थांबवतंय.”

त्यांनी एक छोटी गोळी लिहून दिली. रोज सकाळी घ्यायची, चुकवायची नाही, म्हणजे घेरी येणार नाही. पण हातांसाठी जे नवं औषध द्यायचं होतं, ते त्यांनी कपाटातच ठेवलं.

“बाहेरून काय येतंय आणि किती येतंय, ते कळल्याशिवाय मला मात्रा ठरवता येत नाही. आणि जास्त वेळही नाही. ही बोटं एकदा वाकली की पुन्हा सरळ होत नाहीत.”

आशान आपल्या हातांकडे बघत होते.

बाहेर व्हरांड्यात तंकमणीने मला गाठलं. ती रडली असती तर बरं झालं असतं.

“एट्टा,” ती म्हणाली, “आजपासून माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.”

२

आमची आई गेली तेव्हा तंकम् सहा वर्षांची होती आणि मी, तिचा एट्टा म्हणजे दादा, पंधराचा. तिच्या वेण्या मी घातल्यात, त्याही वाकड्या. शाळेत पोरी हसल्या तरी तिने त्या कधी सोडल्या नाहीत, उलट हीच नवी तऱ्हा आहे म्हणून सांगितलं. अशा बहिणीने ‘दारात येऊ नकोस’ म्हणावं, याला माझ्याकडे काढा नव्हता. दवाखाना बंद पडला असता तरी मी निभावून नेलं असतं. ती गेली तर माझं या जगात कोण होतं?

तिसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर छत्री टेकवून एक बाई बसल्या. थ्रेस्याम्मा सिस्टर. डॉ. सुहरांच्या हाताखाली तीस वर्षं परिचारिका होत्या. आता निवृत्त झाल्यात, तरी संधिवाताच्या रोग्यांच्या घरी फिरून चौकशी करायचं काम अजून त्याच करतात. त्या दिवशी खोलीतल्या पाचव्या त्याच. कोपऱ्यात फणसाचे तळलेले गरे खात बसल्या होत्या.

“या,” मी म्हणालो. “चोराच्या घरी आलात, वाटेत पाकीट सांभाळलंत ना?”

“पाकिटात आहे काय घेण्यासारखं! पाणी द्या आधी.”

पाणी पिऊन त्यांनी माझा दवाखाना उलथापालथा केला. आशानच्या काढ्याची बाटली, तेल, भुकटी, इतकंच काय, माझा चहाचा डबासुद्धा. सगळ्याचे नमुने पिशवीत गेले. पाच दिवसांनी निकाल आला. कशातच काही नव्हतं. मी निकालाचा कागद शेजारच्या पोस्टमनच्या हाती बहिणीकडे धाडला. तिचा निरोप आला: तपासायला द्यायची बाटली कोणीही चांगलीच देईल.

यावर काय बोलणार? मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

सिस्टर पुन्हा आल्या. या वेळी वही घेऊन.

“वैद्यर, डिसेंबरात आशान पडले, त्याच्या आधी तुमचा काढा चालू होता?”

मी जरा घुटमळलो. “नव्हता.”

“का?”

“सुतकाच्या घरी आम्ही औषधाची बाटली घेऊन जात नाही. वडिलांपासूनची रीत आहे. बारा दिवस मी तिकडे फिरकलोच नाही.”

“म्हणजे काढा थांबला, आणि दहाव्या दिवशी माणूस कोसळला.”

“हो.”

“आणि एरवी, हंगामात, तुमचा काढा चालू असताना त्यांना बरं असतं?”

“बरं म्हणजे? उत्तम! रोज खेळ करतात. सांधेदुखी पळून जाते.” हे मी अभिमानाने म्हणालो, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

सिस्टरनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

“मग तर वैद्यर,” त्या म्हणाल्या, “सगळं तुमच्यावरच येतंय.”

३

दुसऱ्या दिवशी त्या आशानच्या घरी निघाल्या, तसा मीही मागोमाग गेलो. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही, बहिणीचा हुकूम होता. बाहेर फणसाच्या झाडाखाली उभा राहिलो. सिस्टरनी ओसरीवरची खुर्ची फाटकाच्या बाजूला ओढून घेतली आणि बहिऱ्याशी बोलावं तितक्या मोठ्याने बोलायला लागल्या. तेव्हापासून माझ्या मनात त्या बाईंबद्दल जी कृतज्ञता आहे, ती आजपर्यंत कमी झालेली नाही.

आशान ओसरीवर झोपाळ्यावर होते. तंकमणी चहा घेऊन आली.

“आशान, जरा उजेडात या,” सिस्टर म्हणाल्या. “वा, गाल काय सुंदर आहेत हो तुमचे!”

“एकसष्टावं लागलंय,” तंकमणी म्हणाली. तिचा आवाज चढला होता तो मऊ झाला. “जत्रेत बायका मला विचारतात, काय लावता म्हणून. नवऱ्या मुलीसारखी लाली आहे.”

“फक्त गालांवर आणि हनुवटीवरच. कपाळ मात्र तुमच्या माझ्यासारखंच.”

“कपाळाला काय करायचंय!” आशान म्हणाले. बायकोने केलेलं कौतुक ऐकून ते खूष झाले होते.

“बारीक तांबड्या रेषाही दिसतायत. दाढी करताना रक्त येतं का?”

“येतं. कातडी पातळ झालीय. वय झालं.”

तेवढ्यात उदयन आला. आशानचा शिष्य, बत्तीस वर्षांचा, देखणा. दौऱ्यावर आशानचा सुंठीच्या पाण्याचा थर्मास हाच सांभाळतो. सिस्टरनी त्याला समोर बसवलं.

“थर्मास कोण भरतं?”

“मीच.”

“सुतकात?”

“सुतकात मी गावी गेलो होतो.”

“आणि फेब्रुवारीत?”

“तेव्हा होतो. रोज भरत होतो.” उदयनचा आवाज बारीक झाला. “सिस्टर, तुम्ही मला काय समजताय?”

“अजून काहीच नाही. फेब्रुवारीतल्या त्या पंधरवड्यात आशाननी कोणती कामं केली?”

उदयनने मान खाली घातली. आशानच म्हणाले, “स्त्रीभूमिका. आणि दोनदा म्हातारा ऋषी.”

“आणि हिरवा राजा?”

“तो मी केला,” उदयन म्हणाला. “मंडळीच्या मॅनेजरकडे मीच मागितला होता.”

तंकमणीने चहाचा कप खाली ठेवला तो आवाज मला झाडाखाली ऐकू आला. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. सापडला! गुरू आडवा झाला की राज्य कोणाचं? शिष्याचं. इतकं सरळ आहे की.

“का मागितलास?” तंकमणीने विचारलं.

“आशानना मुकुट पेलवत नव्हता, चेची. ते सांगणार नाहीत. खेळ संपला की मान धरून बसायचे. मी म्हटलं, पंधरा दिवस तरी हलकं काम मिळू दे.” त्याचे डोळे भरून आले होते. “आणि त्याच पंधरवड्याच्या शेवटी ते पडले.”

आशाननी हात लांब करून शिष्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांचं एकही बोट सरळ राहत नव्हतं.

सिस्टरनी चहा संपवला आणि अगदी सहज विचारलं, “तंकमणी, या फेब्रुवारीत तुमच्या भावाचा काढा थांबला होता का?”

“नाही. दौरा जवळच होता, पट्टांबीपर्यंत. एट्टा रोज सायकलवरून स्वतः नेऊन द्यायचा.”

“एकही दिवस चुकला नाही?”

तंकमणीने त्यांचा रिकामा कप उचलला. “नाही,” ती म्हणाली. “चुकणार नाहीच तो.”

सिस्टर फाटकाबाहेर आल्या आणि छत्री उघडली.

“वैद्यर, तुम्ही सुटलात. काढ्यात काही असतं तर तो रोज मिळत असताना आशान पडलेच नसते. थर्मासचंही तेच. तो हाताशी असून आशान पडले.”

“मग आत जाऊन सांगा ना तिला!”

“तुम्ही नाही, असं मी सांगेन. ती विचारेल, मग कोण? त्याचं उत्तर नसलं तर तुमच्याविषयीचा संशय तसाच राहील, नुसता दबून. तसा हवाय?”

मला तसा नको होता.

“उद्या मंडळीचा खेळ कुठे आहे?”

“देवळाच्या पटांगणात. संध्याकाळी. आशान पुन्हा हिरवा राजा करणार आहेत. का?”

“चेहरा रंगवायला बसतात ते मला बघायचंय,” त्या म्हणाल्या. “अगदी पहिल्या बोटापासून.”

४

कथकळीचा चेहरा तयार व्हायला तीन-चार तास लागतात. आधी नट स्वतः रेघा काढतो. मग चटईवर उताणा पडतो आणि चेहरा चुट्टीवाल्याच्या स्वाधीन करतो. चुट्टी म्हणजे कानापासून हनुवटीपर्यंत उभी केलेली पांढरी कड. तांदळाचं पीठ आणि चुना कालवून गालावर थर द्यायचा आणि त्यात कागदाच्या पाकळ्या रोवायच्या. ओली असताना ओठ हलला तर फुटते. म्हणून नट डोळे मिटून घेतो, बरेचदा झोपतोच. चुट्टीवाला त्याच्याशी बोलत नाही आणि त्याला काही विचारतही नाही.

आमच्या मंडळीचा चुट्टीवाला अप्पुण्णी. सत्तरीचा, हाडकुळा, मितभाषी. आशानचा चेहरा छत्तीस वर्षं त्याच्याच मांडीशी घडतोय. मी त्या रंगाच्या खोलीत शंभरदा तरी बसलोय, पान खात, गावगप्पा मारत. पण अप्पुण्णीच्या हातांकडे कधी नीट बघितलं नव्हतं. नेहमीच्या गोष्टीकडे कोण बघतं?

त्या दुपारी सिस्टर भिंतीला टेकून बसल्या. मी त्यांच्या शेजारी. तंकमणी दाराशी उभी होती, सिस्टरनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

आशान आडवे झाले. अप्पुण्णीने एक करवंटी पुढे ओढली, तिच्यातलं दाटसर पांढरं तेल दोन बोटांवर घेतलं आणि आशानच्या कानापासून हनुवटीपर्यंत, हनुवटीपासून दुसऱ्या कानापर्यंत, जिथे चुट्टी बसणार तिथे हळूहळू जिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा जिरवलं. मग त्यावर पिठाचा थर द्यायला सुरुवात केली.

एक बाजू पुरी झाली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “अप्पुण्णीएट्टा, खोबरेल इतकं पांढरं नसतं.”

अप्पुण्णीने हातातलं काम सोडलं नाही. “हे माझं आहे. फक्त आशानसाठी. बाकीच्यांची वाटी वेगळी.”

“स्त्रीभूमिका असली की लावता?”

“स्त्रीभूमिकेला चुट्टी नसते, बाई. ऋषीलाही नसते. तेव्हा ते आपले आपण रंगवतात.”

“मग काय असतं यात?”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आला. त्याने कमरेच्या पिशवीतून मलमाची नळी काढली. अर्धी पिळलेली. “चुन्यानं यांचे गाल भाजायचे. तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत, पण मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं. मला ते बघवेना. औषधाच्या दुकानात विचारलं, भाजल्यावर काय लावू? त्यानं ही नळी दिली. दुसऱ्या दिवसापासून पाणी थांबलं. खोबरेलात घोटायची माझी मी रीत बसवली. दुसऱ्या मंडळीवाल्यांनी विचारलं, पण सांगितली नाही.”

“किती वर्षं झाली?”

“पाच.”

“आणि नळी किती दिवस पुरते?”

“आधी आठवडाभर पुरायची. आता दोन दिवसांत संपते. कातडीला सवय झाली.”

सिस्टरनी नळी हातात घेऊन नाव वाचलं आणि मला दिली. ते नाव मलाही माहीत होतं. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांत सगळ्यात जहाल. बोटाच्या पेरभर, आठ-दहा दिवस, तेही चेहऱ्यावर नाही, असं ज्याच्याबद्दल सांगतात ते.

“तंकमणी, ऐका,” सिस्टर म्हणाल्या. “चेहऱ्याची कातडी पातळ असते, लावलेलं लवकर शोषते. त्यावर चुट्टीचं झाकण, तेही पाच-सहा तास. हंगामात जवळजवळ रोज. ते सगळं रक्तात जात होतं. म्हणून हंगामात सांधे दुखत नव्हते, म्हणून गाल लाल, आणि तेही फक्त चुट्टीच्या जागी. आणि म्हणूनच पोटातल्या ग्रंथी निजल्या. सुतकात खेळ बंद, म्हणजे चुट्टी बंद. दहा दिवसांत घेरी. फेब्रुवारीत खेळ चालू, काढा चालू, थर्मास चालू, पण कामं बिनचुट्टीची. पुन्हा घेरी. दोन्ही वेळा नव्हती अशी एकच गोष्ट आहे.”

“पण पावसाळ्यात?” तंकमणीने विचारलं. “तेव्हाही खेळ नसतात. मागच्या वर्षी कधी पडले नाहीत ते.”

मला बहिणीचा अभिमान वाटला. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“हंगाम संपताना खेळ कसे संपतात? एकदम?”

“नाही,” अप्पुण्णी पुटपुटला. “कमी कमी होत जातात. रोजचे, मग आठवड्याला दोन, मग एक.”

“म्हणजे औषधही कमी कमी होत गेलं. ग्रंथीला जागं व्हायला वेळ मिळाला. सुतक मात्र सांगून येत नाही.”

अप्पुण्णीचे हात थांबले. इतका वेळ ते एकदाही थांबले नव्हते.

“म्हणजे मी विष घातलं?” तो म्हणाला. “माझ्या हातानं?”

“औषधच होतं. फक्त कोणी मोजलं नाही, आणि तुम्हाला कोणी विचारलं नाही. आम्हीही नाही. यांच्या तोंडात काय जातं तेवढंच विचारत बसलो.”

अप्पुण्णीने करवंटी लांब सारली. पिठाचे हात तसेच घेऊन तो मागे सरकला, भिंतीपर्यंत. “दुसरा माणूस बघा,” तो म्हणाला. “मी आता या चेहऱ्याला हात लावणार नाही.”

आणि ज्याने बोलायला हवं, त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर ओली चुट्टी होती. आशान जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओठ हलवला असता तर छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून चुट्टी फुटली असती.

त्यांनी हात उचलले. बोटं सुजलेली, वाकडी, तरी ती मुद्रा मला ओळखू आली, मंडपातल्या कोणालाही आली असती. ‘ये.’ मग दुसरी. ‘मित्रा.’ मग त्यांनी हात तसाच लांब धरून ठेवला. अप्पुण्णी जागचा हलेना. आशाननी हात खाली घेतला नाही. शेवटी म्हातारा सरकत आला. आशाननी त्याची पिठाने भरलेली बोटं धरली आणि आपल्या दुसऱ्या, कोऱ्या गालावर ठेवली.

मी वैद्य आहे. रोगी रडले तर मला सवय आहे. त्या दिवशी मात्र मी खांबाआड गेलो.

सिस्टरनी तिथूनच डॉ. सुहरांना फोन लावला. मलम हळूहळू कमी करायचं, गोळीचा हिशेब नव्याने बसवायचा, आणि मलम सुटलं की हातांचं औषध सुरू. अप्पुण्णीने दुसरा गाल पुसून घेतला आणि नुसत्या खोबरेलावर चढवला. त्या संध्याकाळी आशानचा राजा कसा झाला म्हणून विचाराल, तर मला सांगता येणार नाही. मी बहिणीकडे बघत होतो. ती समोरच्या रांगेत बसली होती आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

५

ओणमच्या सणापर्यंत आशानची बोटं सकाळी आपली आपण उघडायला लागली. दोन वाकली ती वाकलीच, पण मुंडूची गाठ ते स्वतः मारतात आणि मुद्रा प्रेक्षकांना समजतात. गालांची लाली गेली, त्याचं तंकमणीला थोडं वाईट वाटलं असेल. डॉक्टरीणबाईंनी सकाळी आठचं रक्त पुन्हा तपासलं. झोपलेल्या ग्रंथी कुशीवर वळल्यात, असं त्या म्हणाल्या. अजून पूर्ण जाग नाही. पण शरीरातली आग विझत गेली, तसा तो रस पुन्हा आपल्या वेळेला झरायला लागलाय. अप्पुण्णीला त्यांनी साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम शोधून दिलं, आणि तो आता प्रत्येक नवी नळी आधी त्रिशूरला दाखवून आणतो.

मी रोज देवापुढे दिवा लावताना थ्रेस्याम्मा सिस्टरचं नाव घेतो. त्या ख्रिस्ती आहेत, देवाला काही अडचण असेल असं वाटत नाही. त्यांनी मला सोडवलं, हे तर आहेच. पण हंगामात आशानना बरं वाटायचं, त्याचं श्रेय मी चार वर्षं माझ्या काढ्याला देत छाती काढून फिरत होतो. ते ओझंही त्यांनी उतरवलं. आता मी रोग्याला काय खातोस ते विचारतो, आणि काय लावतोस तेही.

तंकमणीने मात्र माझ्याकडे माणूस पाठवला नाही. आशान येऊन जायचे, उदयन यायचा. ती नाही. मी समजून होतो. चूक कबूल करणं आमच्या घराण्यात कोणाला जमलेलं नाही, मलाही नाही. दाराबाहेर घालवलेल्या माणसाला परत बोलवायला शब्द लागतात, आणि ते तिला सापडत नसणार.

मग ओणमनंतरच्या सोमवारी, सकाळी नऊला, दवाखान्याच्या व्हरांड्यात पंधरा-वीस रोगी बसले असताना, ती आली. रांगेत बसली. शेवटून तिसरी. मी बोलावलं तरी पुढे आली नाही. नंबर लागला तेव्हा समोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, “एट्टा, गुडघा दुखतोय. सहा महिने झाले.”

“सहा महिने काय करत होतीस?”

“काढा दे.”

“बाटली भरून देतो. घरी नेऊन घे.”

“इथेच दे.”

मी पितळी पेल्यात काढा ओतला. ओतताना थोडा सांडला. त्या व्हरांड्यातल्या प्रत्येकाला मार्चमधली गोष्ट माहीत होती. कोणी कोणी तर तेव्हापासून माझ्या पायरीवर आज पहिल्यांदाच आलं होतं.

“यात काय आहे, विचारणार नाहीस?” मी म्हणालो.

“नाही,” तंकम् म्हणाली.

तिने पेला तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. माझा गुडघ्याचा काढा काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. धडधाकट गडी नाक धरून पितात आणि वर शिव्या देतात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कडूपणाने आलं की कशाने, मी विचारलं नाही. तिने तोंड पुसलं आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

“आणखी आहे का?” तिने विचारलं.

पस्तीस वर्षांत माझा काढा दुसऱ्यांदा मागणारी ती पहिलीच. मी पेला काठोकाठ भरून दिला.